खापरखवल्याची समाधी

उदगीरच्या चौकात महादेवप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका डोळ्याला भिंग लावून ते घड्याळात बघत आणि उरलेल्या डोळ्यानं रस्त्यावर. त्या उरलेल्या डोळ्यानं त्यांनी अख्ख्या उदगीरची वर्गवारी केली होती. तहसिलातले एक कारकून रुबाबात चालले की महादेवप्पा खालच्या आवाजात म्हणत, "कवड्या. दिसतोय मण्यारावानी. चावला तर खाज सुद्धा सुटायची न्हाई." स्वतःच्या आईला, शिवम्मांना, त्यांनी केव्हाच नागात घातलं होतं. माझी नांदेडहून बदली झाली आणि मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले, तेव्हा आठवडाभर त्यांनी माझं निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "इंदूबाई, तुमी धामण. फुसफुस लई, इख न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवते. धामण म्हटल्याचा राग आला नाही, वर्णन बरोबर होतं याचा आला.

"आणि गौरम्मा?" मी विचारलं. गौरम्मा त्यांची बायको. चुलीपाशी बसून ती सगळं ऐकत होती.

महादेवप्पांनी भिंग काढून शर्टाला पुसलं. "तिची मोजणी चालू हाय," ते म्हणाले. लग्नाला तेव्हा चांगली पंचवीस-तीस वर्षं झाली असतील.

सापांचं वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. जुन्या बाजारात एका रेडिओबरोबर फुकट मिळालेलं सापांचं इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्यातली चित्रं त्यांना पाठ होती आणि मजकूर मी वाचून सांगावा अशी त्यांची अपेक्षा होती. भाडं कमी होतं, म्हणून मी सांगत असे. पुस्तकातली एक गोष्ट मात्र त्यांना मी सांगायच्या आधीच पटलेली होती. घड्याळ तबकडीवरून ओळखू नये, मागचं झाकण उघडावं. तसा साप रंगावरून ओळखू नये, उताणा करावा आणि पोटाखालचे खवले मोजावे. ते साप मारत नसत. शंकराच्या गळ्यातला दागिना, त्याला लिंगायताच्या पोरानं कसं मारायचं? ते कात गोळा करत. रविवारी सायकल काढून डोंगरात जात आणि संध्याकाळी खिशात कात घेऊन येत. घरात चांगली ट्रंक एकच होती. तिच्यात तळाला गौरम्माची लग्नातली इरकल आणि वरती घोणस, धामण, तस्कर यांच्या कातींच्या गुंडाळ्या. सणाला इरकल काढताना गौरम्मा आधी साप झटकत असे.

डोंगर म्हणताना मला जरा संकोच वाटतो. आमच्याकडे देवर्जनच्या बाजूला, हत्तीबेटाच्या पलीकडे बालाघाटाच्या ज्या टेकड्या आहेत त्या पुण्याच्या माणसाला दाखवल्या तर तो उंचवटा म्हणेल. पण महादेवप्पांसमोर तसं बोलायची सोय नव्हती. त्याच डोंगरात मातीच्या आत राहणारा एक साप आहे असं त्यांचं ठाम मत होतं. वीतभर लांब, तोंड निमुळतं आणि शेपूट विळीवर तिरपं कापल्यासारखं, टोकाला खापरीसारखी खरबरीत ढाल. तरुणपणी एकदा विहिरीच्या मातीत त्यांनी तो पाहिला होता आणि हात घालेपर्यंत तो मातीत शिरला होता. पुस्तकात त्याच्या भाऊबंदांचं चित्र होतं, मराठीत त्याला खापरखवल्या म्हणतात, पण पुस्तक म्हणत होतं की हे साप ओल्या, झाडीच्या, मोठ्या डोंगरांतले. बालाघाटाचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"आपल्याला कुनी मोजतच न्हाई," महादेवप्पा म्हणत. हे बोलताना ते फक्त सापाबद्दल बोलत नसत. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. उस्मानाबादपासून आम्ही सुटलो, पण उदगीरच्या माणसांना वाटत होतं की जिल्हा व्हायचाच होता तर उदगीर काय वाईट होतं? लातुरात नवी कचेरी झाली, नवे साहेब आले आणि उदगिराला फक्त पाट्या रंगवून मिळाल्या. महादेवप्पांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. त्यांचं स्वप्न एवढंच की आपला खापरखवल्या वेगळा निघावा आणि त्याच्या नावात उदगीर यावं. "जिल्हा गेला खड्ड्यात. साप तरी आपला पायजे."

त्यांच्या सांगण्यावरून मी पुण्याला सापांच्या एका अभ्यासकाला, डॉ. श्रीपाद राजहंसांना पत्र टाकलं होतं. त्यांचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. बालाघाटात खापरखवल्या आढळत नाही, आपण मांडूळ पाहिलं असावं.

मांडूळ! शेंबड्या पोरालाही ओळखू येणारा साप! महादेवप्पा दिवसभर जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस गल्लीतली टवाळ पोरं दुकानासमोरून जाताना "मांडूळ, मांडूळ" ओरडत, आणि भिंग लावलेला माणूस उठून पळेपर्यंत पोरं पसार झालेली असत.

मग दुष्काळ पडला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुलकावणी देऊन गेला. नळाला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार येई. गौरम्मा आणि मी घागरी घेऊन मठाच्या आडावर जायचो आणि तिथे बायका एकमेकींच्या आया काढायच्या. हत्तीबेटाच्या पलीकडे रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं. पाण्याचा पत्ता नव्हता, पण तलाव मात्र जोरात खोदला जात होता.

त्या कामावर पंचशीला नावाची एक बाई मुकादम होती. महादेवप्पा दर रविवारी काय शोधतात ते तिला ठाऊक होतं. आवाज असा की टेकडीच्या पलीकडची कुदळ थांबायची. एका दुपारी ती थेट दुकानात आली, जेवणाचा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "घड्याळजी, तुमचं सामान आलंय. कुदळीखाली घावलं. मेलंय, भिऊ नका."

डब्यात पळसाच्या पानात गुंडाळलेला वीतभर साप होता. मी तेव्हा घड्याळाचा पट्टा बदलायला तिथेच उभी होते. महादेवप्पांनी भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं शेपूट उचललं आणि उजेडाकडे धरलं. शेपटाला खापरी होती. समोरचं गिऱ्हाईक आपल्या उघड्या घड्याळाकडे बघत "झालं का?" म्हणालं तर महादेवप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते घड्याळ तसंच टाकून निघून गेलं.

"पंचशीलाबाई," ते शेवटी म्हणाले, "तुमाला काय देऊ?"

"डबा धुऊन द्या," ती म्हणाली.

साप टिकवायचा तर त्याला दारूत ठेवायला हवं, तसं पुस्तकातच लिहिलेलं. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून काचेची बरणी आणि दिव्याचं स्पिरिट आणलं. बरणी माजघरातल्या कोनाड्यात ठेवली आणि राजहंसांना पुन्हा पत्र गेलं. या वेळी उत्तर लगेच आलं. ते थोड्या दिवसांनी रेल्वेनं हैदराबादला जाणार होते, वाट जरा वाकडी करून उदगिराला उतरून नमुना बघणार होते. महादेवप्पांनी त्या पत्राला उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण स्पिरिटला वास असतो, आणि शिवम्मांना नाक होतं.

पहिले दोन दिवस त्यांनी लेकाच्या तोंडाचा वास घेतला. तिसऱ्या दिवशी त्या अंगणात बसून छाती पिटायला लागल्या. "माझ्या महादेवानं पिनं सुरू केलं! गळ्यात लिंग अन् पोटात दारू!" गल्ली गोळा झाली. महादेवप्पांनी अब्रू वाचवायला बरणी आणून दाखवली, आणि तीच चूक झाली. दारू प्यायलेला लेक एक वेळ परवडला. शंकराच्या गळ्यातलं जनावर दारूत बुडवून ठेवणारा लेक शिवम्मांना परवडणारा नव्हता. पाऊस का पडत नाही याचं कारण त्यांना त्या क्षणी सापडलं आणि ते त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. आमच्यात मेल्या माणसाला भस्म लावून, बेल घालून मातीत बसवतात, ह्यालाही तशी समाधी मिळेपर्यंत मी या घरात अन्न घेणार नाही, असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

महादेवप्पा हलले नाहीत. "अव्वा भुकेली ऱ्हानार न्हाई," ते मला म्हणाले. "नाग काय दोन-दोन म्हैने खात न्हाई. त्याला चालतंय."

पण घड्याळाचे सुटे भाग आणायला ते लातूरला गेले, गाडी चुकली, मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा परसात लिंबाखाली मातीचा एक छोटा ढीग होता. त्यावर भस्माचे पट्टे, वर बेलाची पानं, शेजारी पाण्याची मातीची वाटी. मठातले स्वामी येऊन यथासांग सगळं करून गेले होते. शिवम्मा भाकरी खात होत्या. कोनाड्यातली बरणी धुऊन पालथी घातलेली होती.

"कुनी केलं?" महादेवप्पांनी विचारलं.

"मी," गौरम्मा म्हणाली. "गाठोडं मीच बांधलं. दुसरं कोन हात लावतंय?"

मला वाटलं आता भांडण होणार. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. महादेवप्पांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं की ते जिन्याखाली येऊन मला हाक मारायचे, "इंदूबाई, घरात सांगा, भाजीत मीठ जास्त झालं." गौरम्मा दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायची. तीही माझ्याकडेच बघून म्हणायची, "सांगा त्यास्नी, मीठ मोजूनच घातलंय." मी पोस्टमन झाले होते, तेही बिनपगारी. त्याच आठवड्यात गौरम्माची डावी भुवई अर्धी जळालेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "चुलीचा भडका." एवढी सराईत बाई भुवई कशी जाळून घेते असं मनात आलं आणि तिथेच राहिलं. रोज सकाळी ती त्या ढिगावर लोटीभर पाणी घालायची. आडावरून डोक्यावर आणलेल्या पाण्यातलं. शिवम्मा खाटेवरून मान डोलावायच्या.

आणि डॉ. राजहंस आले. सोमवार होता, शिवम्मा मठात गेल्या होत्या. माणूस उंच, घामेजलेला आणि अतिशय सभ्य. इतका सभ्य की त्याच्यावर चिडायचीही पंचाईत. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "नमुना कुठे आहे?"

महादेवप्पांनी त्यांना परसात नेलं. डॉक्टरांनी ढीग पाहिला, भस्म पाहिलं, बेल पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात गुण दिले.

"हरकत नाही," ते म्हणाले. "फार खोल नसेल. काढता येईल. सांगाडा मिळाला तरी काहीतरी कळेल. पण बघितल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही."

महादेवप्पांनी मला खुरपं आणायला सांगितलं. मी आणलं. ते ढिगापाशी उकिडवे बसले. गौरम्मा मागच्या दारात पदर खोचून उभी होती.

"इंदूबाई," ती म्हणाली, आणि मग माझं नाव सोडून सरळ त्यांच्याशीच बोलली, कितीतरी दिवसांनी. "खना की. कोन धरलंय? साप तुमचाच हाय."

महादेवप्पांनी खुरपं मातीला लावलं. माती ओली होती. त्या उन्हाळ्यात उदगिरात ओली माती बघायला मिळणं म्हणजे नवलच. आजूबाजूचं सगळं परस भेगाळलेलं, लिंबाची पानं गळालेली, आणि हा हातभर तुकडा काळा, गार. त्यांनी त्या मातीवर तळवा ठेवला. मग वाटीतलं पाणी बघितलं, मग गौरम्माच्या डोक्यावरची घागरीची चुंबळ बघितली, जी ती घाईत उतरवायची विसरली होती. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती गोष्ट दोन वीत खाली होती आणि गाडी सुटायला फार वेळ नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, खणा हो, एवढं काय त्यात, साप आहे! 

ते उठले. खुरपं भिंतीला टेकवलं आणि हात झटकले.

"न्हाई उकरत," ते डॉक्टरांना म्हणाले. "समाधी उकरत न्हाईत आमच्यात. अन् ही तर हिनं घातलीय. तुमी लिवा, मांडूळ होतं म्हनून."

ते "मांडूळ" म्हणताना त्यांचा आवाज फाटला. डॉक्टर "अहो, नाही, तसं कसं" असं काहीतरी पुटपुटले. मला रडू आलं, तेही सांगून टाकते.

गौरम्मा आत गेली. फळीवरून भांडी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लोणच्याची चिनीमातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. तिनं ती डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली.

"हे घ्या," ती म्हणाली. "दारू न्हाई चालत घरात. खारात घातलाय. कैऱ्या वर्सावर्साला टिकतात, एवढासा साप न्हाई टिकायचा?"

 डॉक्टरांनी फडकं सोडलं. आत खडेमीठ, आणि मिठात वेटोळं करून बसलेला खापरखवल्या. सुकलेला, पण अखंड.

"मग मातीत काय हाय?" महादेवप्पांनी विचारलं.

"लग्नातल्या इरकलीचा काठ. गुंडाळून बांधला. जाडी बरोबर झाली." मग हात जळालेल्या भुवईकडे नेत ती म्हणाली, "तुमचं ते बरणीतलं पानी चुलीत वतलं तर बया, अर्धी भुवई घेऊन गेलं."

"अन् मला कामून न्हाई सांगितलं? इतके दिवस?"

"अव्वा रोज बघून राहिल्या होत्या, म्हनून," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अन् मी बी बघून राहिले होते. तुमी साप सोडता का माझी समाधी फोडता."

 महादेवप्पा ओसरीवर जाऊन बसले आणि भिंग घालून उगाच आपली नखं बघू लागले.

पुढचा तासभर आमच्या ओसरीवर जे चाललं ते कुठल्याही प्रयोगशाळेत चालत नसेल. गौरम्मानं ताटात पाणी दिलं, डॉक्टरांनी साप त्यात भिजत घातला. तो मऊ झाल्यावर उताणा केला आणि महादेवप्पा किंचाळलेच, "पोट पिवळं! पुस्तकातल्या एकाचं बी पोट असं पिवळं न्हाई! बाई, लिवा, पोट पिवळंजर्द!" डॉक्टरही पुढे वाकले. त्यांनी बोट फिरवलं, बोट पिवळं झालं.

"हळद हाय ती," गौरम्मा आतून म्हणाली. "नुसत्या मिठात किडे पडतात."

मग महादेवप्पांचं भिंग डॉक्टरांच्या डोळ्याला गेलं. एक खवले मोजत होता, दुसरा त्याच्या मागोमाग तोंडातल्या तोंडात मोजत होता. आकडा जुळेना, पुन्हा पहिल्यापासून. एकदा डॉक्टर चुकले, दोनदा महादेवप्पा चुकले आणि दोघंही एकमेकांना सभ्यपणे दोष देत राहिले. शेवटी डॉक्टरांनी पाठ सरळ केली. हा खापरखवल्याच आहे, ते म्हणाले. सह्याद्रीतल्या एका जातीच्या जवळचा दिसतो, पण तो नाही. शेपटाची ढाल वेगळी, पोटाचे खवले कमी.

"म्हंजे नवा?"

"असू शकेल. पण एकाच नमुन्यावर आम्ही ठरवत नाही. आणखी एखादा मिळायला हवा. तोपर्यंत मी 'अमक्यासारखा' असं लिहीन."

"सारखा!" महादेवप्पा माझ्याकडे वळले. "ऐकलं का? इतकं करून सारखा!" मग पुन्हा डॉक्टरांकडे. "पन मांडूळ न्हाई न्हवं?"

"मांडूळ नाही. चूक माझी होती."

"जरा मोठ्यानं सांगा. गल्लीत ऐकू जाऊ द्या."

डॉक्टर खरोखरच दारात उभे राहिले आणि सभ्य आवाजात, पण मोठ्यानं म्हणाले, "हा साप मांडूळ नाही." समोरच्या ओट्यावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. तोवर शिवम्मा मठातून परत येताना दिसल्या आणि बरणी झटकन डॉक्टरांच्या पिशवीत गेली. त्या बरणीसकटच साप पुण्याला गेला. त्याच्या चिठ्ठीवर तालुका उदगीर, जिल्हा लातूर असं लिहिलं आहे, असं डॉक्टरांनी नंतर कळवलं. लातूर हा शब्द खोडता येणार नाही का, असं महादेवप्पांनी मला उलट विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही.

दुसरा नमुना मिळाला नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला आणि पंचशीलाबाईंनी जिथे कुदळ मारली होती ती जागा पाण्याखाली गेली. महादेवप्पा तरी दर रविवारी काठाकाठानं खणत राहिले. साप पुण्यात अजून 'सारखा' आहे.

समाधी मात्र राहिली. शिवम्मा होत्या तोपर्यंत त्यांनी तिला बेल वाहिला, त्यांच्यामागे गल्लीतल्या बायका नागपंचमीला येऊन लाह्या टाकायला लागल्या. खाली काय आहे ते आम्हा चौघांनाच ठाऊक. माझी बदली झाली त्या सकाळी मी निरोप घ्यायला खाली उतरले, तर महादेवप्पा अंघोळ करून, भस्म लावून लिंबाखाली उभे. डोळे मिटून, दोन्ही हात जोडून. दारात गौरम्मा तांब्या घेऊन कितीतरी वेळची खोळंबली होती.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "महादेवप्पा, आता तरी सांगा. गौरम्मा कोणता साप?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कसं सांगू, बाई?" ते म्हणाले. "एकच नमुना हाय."